रणभूमीचा वाटाड्या

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत जो पायी हिंडला आहे त्याला वाटाड्याचे मोल सांगावयास नको. पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते, कालची पायवाट आज दिसेनाशी होते, आणि मग हातात नकाशा असला तरी पाड्यावरचा एखादा जाणता गडी बरोबर घ्यावा लागतो. डोंगराची उंची नकाशा सांगेल. कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी चढते आणि कोणत्या झाडाखाली कोण पडला, हे तो सांगणार नाही. रणभूमीचेही असेच आहे. आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचा विचार एवढाच की, लढाई जेथे झाली ते मैदान खरोखर पाहावयाचे असेल तर तेथे लढून परत आलेला शिपाई बरोबर हवा. आणि तो आहे तोवरच निघावयास हवे. तो गेल्यावर मागे दगड उरतात, आणि दगडावर पुष्कळदा नावही नसते.

प्रथम आपल्या अंगणापासून सुरुवात करू. जव्हारजवळचा शिरपामाळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवछत्रपतींचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. शिरपेचाचा म्हणून हा शिरपामाळ. परंतु पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळे यांनी हेच जव्हार जिंकून घेतले, ही गोष्ट किती जणांस आठवते? भेटीची जागा लोकांनी जपली, लढाईची जागा मात्र विस्मरणात गेली. याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. भेटीची कथा सांगणारे येथे पिढ्यान् पिढ्या राहिले. लढाईत पडलेल्यांची कथा ज्यांनी सांगावयाची ते पांगले. जागा टिकते ती सांगणाऱ्यामुळे.

आपल्या वारली, कोकणा आणि महादेव कोळी बांधवांना हे पूर्वीपासून कळलेले आहे. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा 'वीर' मांडण्याची चाल आहे. दगड असो की लाकूड, त्यावर घोडेस्वार कोरलेला असतो, कोठे वर चंद्रसूर्य असतात. अक्षर बहुधा एकही नसते. नाव घरच्यांच्या तोंडी असते आणि सणावारी ते घेतले जाते. म्हणजे तो दगड एकटा पुरा नाही. नाव घेणारा माणूस त्याच्यापुढे उभा राहिला म्हणजे स्मारक पुरे होते. हे ध्यानात ठेवून आपण आता जरा लांबच्या प्रवासाला निघू.

दुसऱ्या महायुद्धाचा वारा आपल्या डोंगरापर्यंत पोहोचला नव्हता असे कोणी समजू नये. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे हे स्वतः त्या युद्धाच्या काळात हवाई दलात दाखल झाले होते. मराठी मुलखातील हजारो शेतकऱ्यांची मुले मात्र पायदळात गेली, आणि त्यांतील पुष्कळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणींत होती. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली. तिला जंगी पलटण म्हणतात. या एका पलटणीच्या मागे आपण चालत गेलो तरी अर्धे जग पालथे घालावे लागते. पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक १०३ होता. ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींसह ती सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात गेली. हाच आजचा इराक.

त्या डिव्हिजनचे पुढे काय झाले ते इतिहासप्रसिद्ध आहे. बगदादच्या वाटेवरून मागे हटून जनरल टाउनशेंडचे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणावरील कुट गावी अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपले, घोडे कापून खावयाची वेळ आली, आणि शेवटी सुमारे १३,००० लोक शरण गेले. युद्धकैदी म्हणून वाळवंटातून चालविलेल्या शिपायांपैकी असंख्य वाटेत आणि छावण्यांत मेले. त्यांची थडगी नाहीत, आणि कोठे अग्निसंस्कार झाला असेल तर त्याची खूण नाही.

या मृतांसाठी इंग्रज सरकारच्या युद्धसमाधी आयोगाने बसरा येथे एक मोठे स्मारक उभारले आणि २७ मार्च १९२९ रोजी त्याचे अनावरण झाले. ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा ४०,५०० हून अधिक लोकांचे ते स्मारक आहे. आता श्रोत्यांनी येथे थोडे थांबावे. त्या भिंतीवर इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे आणि इंग्रज सोल्जराचेही आहे. हिंदी सुभेदार-जमादारांची नावे आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायाचे नाव नाही. त्याच्या पलटणीचे नाव, आणि त्याखाली 'इतर शिपाई इतके', असा आकडा! शेतसाऱ्याच्या पावतीवर असावा तसा आकडा.

हा केवळ परिस्थितीचा दोष होता असे म्हणता येत नाही. कारण दोनच वर्षे आधी त्याच आयोगाने फ्रान्समध्ये वेगळे करून दाखविले होते. न्यूव्ह-शापेल या खेड्याजवळ हिंदी सैन्य १९१४-१५ साली लढले. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर याच गावावर चाल केली, आणि त्या एका दिवसात त्यांची भयंकर हानी झाली. तेथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांची व मजुरांची नावे एकेक करून कोरली आहेत. म्हणजे युरोपातील माणसांच्या डोळ्यांपुढे जो हिंदी शिपाई पडला त्याला नाव मिळाले, आणि वाळवंटात जो पडला त्याला आकडा मिळाला. युद्धसमाधी आयोगाने स्वतःच २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून अशा असमान वागणुकीची कबुली दिली. हिंदी आणि आफ्रिकी मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषमतेने झाले, आणि निदान १,१६,००० लोकांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असे त्या अहवालाचे म्हणणे आहे.

न्यूव्ह-शापेलची आणखी एक गोष्ट आमच्या विषयाशी निगडित आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा फ्रेंच सेनापती मार्शल फॉश आले होते, कपूरथळ्याचे महाराज होते, आणि मुंबईत जन्मलेले ग्रंथकार किपलिंगही होते. परंतु त्या दिवशीचे खरे मानकरी, म्हणजे फ्रान्सच्या मातीत लढलेल्या हिंदी शिपायांची एक तुकडी, तेथे मुद्दाम नेण्यात आली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्या चिखलात सोबती गमावले तेथे ही माणसे पुन्हा उभी राहिली. किपलिंगचा एकुलता एक मुलगा १९१५ साली तेथून जवळच लूस येथे बेपत्ता झाला होता, आणि समाध्यांच्या आयोगाचे काम करणाऱ्या त्या बापाला अखेरपर्यंत मुलाची समाधी सापडली नाही. म्हणजे जेते आणि जित, साहेब आणि शिपाई, त्या भिंतीपुढे एकच काम करीत होते. दोघेही नाव शोधीत होते.

पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९२८ मध्ये, ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने सुमारे ११,००० माजी सैनिक, विधवा आणि आईबाप यांना फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीची यात्रा घडविली. यात्रा हाच शब्द त्यांनी वापरला, आणि तो योग्य होता. आता सातारा-रत्नागिरीकडच्या आईने बसऱ्याची यात्रा कशी करावी? तिच्या गावात फार तर एक पाटी लागली. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत आजही ती दिसते. गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे दिली म्हणून तेथे सरकारने स्तंभ उभारला. त्या आकड्याचा अभिमान गाव बाळगते आणि तो योग्यही आहे. परंतु आकडा सणावारी हाकारता येत नाही. नाव हाकारता येते.

येथे आम्हांस एक शंका ऐकू येते, आणि ती चुकवून पुढे जाणे बरे नव्हे. ती लढाई आपली होती काय? साहेबाच्या साम्राज्यासाठी, साहेबाच्या पगारावर लढलेल्यांची यात्रा स्वतंत्र भारताने का करावी? शंका खरी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तिला विशेष धार आहे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघर येथे परकी सरकारच्या गोळीबारात काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे यांनी प्राण ठेवले. युद्ध संपून दोन महिने झाले नाहीत तो, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तलवाडा येथे वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. एकाच काळात आपली माणसे साहेबाच्या बंदुकीच्या मागेही होती आणि पुढेही होती.

परंतु याच उदाहरणात उत्तरही आहे. पालघरच्या पाचांची नावे आपणांस का येतात? त्यांच्या शेजारी जे उभे होते ते येथेच राहिले, दरवर्षी त्या जागी जमले आणि नावे घेत आले म्हणून. परमुलखात पडलेल्या शिपायाच्या वाट्याला हे शेजारपण आले नाही. तो कोणासाठी लढला याचा न्याय इतिहासकाराने अवश्य करावा. पण गेलेल्याचे नाव ही साम्राज्याची मालमत्ता नव्हे. ते त्याच्या घराचे आणि गावाचे आहे. साम्राज्याने ते हिसकून आकडा केला असेल, तर ते परत मागणे हेच स्वातंत्र्याला शोभते.

आणि नाव परत मिळते, हेही सिद्ध झालेले आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक संगमरवरी छत्री आहे. तेथील इस्पितळांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख शिपायांना त्या ठिकाणी अग्नी दिला होता. छत्रीचा नकाशा मुंबईच्या हेन्रिकेस या वास्तुशास्त्रज्ञाने काढला आणि १९२१ साली तिचे अनावरण झाले. पण छत्रीवर नावे नव्हती. दरवर्षी जून महिन्यात लोक तेथे जमत राहिले, आणि शेवटी २०१० साली ५३ नावांचा शिलालेख छत्रीशेजारी बसला. एकोणनव्वद वर्षे लागली. परंतु येणारे पाय थांबले असते तर तो कधीच बसला नसता.

आता जंगी पलटणीच्या मागे पुन्हा चालू लागू. दुसऱ्या महायुद्धात तीच पलटण इटलीत उतरली आणि ११० क्रमांकाची जुनी पलटणही तेथे होती. कुटची दोन भावंडे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा एका मुलखात आली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. ते एकटे शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले, आणि काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्याने लढले. शत्रूच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी मिळाली नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणले. त्यांनाही तोच मान मिळाला. ते नगर जिल्ह्यातील निमजचे. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत आपल्यांत होते.

इटलीत ५०,००० भारतीय सैनिक लढले आणि त्यांतील ५,७८२ तेथेच राहिले. त्यांच्या स्मृती चाळीस युद्धसमाधिस्थानांत विखुरल्या आहेत. हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला जाई, म्हणून त्यांच्यासाठी समाधीच्या रांगा नसून दहनस्मारके आहेत. सांग्रो नदीच्या समाधिस्थानात अशी पाचशेहून अधिक नावे आहेत, फोर्ली येथे साडेसातशेहून अधिक. ज्याला हे ठाऊक नाही तो पांढऱ्या शिळांच्या रांगांतून आपल्या माणसाची शिळा शोधीत फिरतो आणि विन्मुख परततो. त्याने भिंतीकडे वळावयास हवे. वाटाड्या लागतो तो असा.

जुलै २०२३ मध्ये पेरुजियाजवळच्या मोंतोने गावी यशवंत घाडगे यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारण्यात आली. गावकऱ्यांनी आणि तेथील इतिहासप्रेमी मंडळींनी हे काम केले. सर्वांवर एकच सूर्य तळपतो, अशा अर्थाचे वचन तिच्यावर आहे. आनंदाची गोष्ट खरी. पण हीच गोष्ट चाळीस वर्षे आधी घडली असती, तर त्या घटिकेशेजारी घाडग्यांचा एखादा सोबती उभा राहून सांगू शकला असता की, मशिनगन येथे नव्हती, ती त्या वरच्या बांधाआड होती.

असे प्रत्यक्ष घडल्याचे उदाहरण आपल्याच देशाच्या पूर्व सीमेवर आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळ-कोहिमावर चालून आले तेव्हा मणिपुरातील सांगशाक या तांगखुल नागांच्या गावी पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडने त्याला सुमारे सहा दिवस अडविले. त्या ब्रिगेडला जोडलेली मराठ्यांची चौथी पलटण तेथे होती. पाणी संपले, दारूगोळा संपला, २६ मार्चच्या रात्री जागा सोडावी लागली. परंतु ते दिवस कोहिमा सावध करावयास कामी आले. युद्धानंतर या डोंगरांत ब्रिटिश, भारतीय आणि जपानीही माजी सैनिक परत आले. जपानी म्हातारे तर आपल्या सोबत्यांच्या अस्थी शोधण्यासाठी येत. कोणत्या उतारावर खंदक होता हे तेच दाखवू शकत, आणि गावातले वृद्ध त्यांना ती वाट काढून देत. इंफाळजवळच्या लाल टेकडीपाशी जपानी सरकारने १९९४ साली शांतिस्मारक उभारले, आणि २०१९ साली तेथेच संग्रहालय उघडण्यात आले. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्यांनीच एकमेकांस जागा दाखविल्या. असा इतिहासाचा धडा कोणत्या पुस्तकात मिळणार?

त्या युद्धाला आता ऐंशी वर्षे उलटली. त्यातला वाटाड्या जवळजवळ नाहीसा झाला आहे, हे सत्य स्वीकारले पाहिजे. परंतु जंगी पलटणीची कथा तेथे संपत नाही. १९७१ च्या डिसेंबरात ती ब्रह्मपुत्रेच्या काठी, बांगलादेशातील जमालपूर येथे होती. पाकिस्तानची एकतीसावी बलुच पलटण तेथे घेरली गेली होती. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या मराठ्यांनी १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या त्या पलटणीचा हल्ला परतविला. त्या युद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांना बांगलादेशाने विजयदिनी ढाक्याला बोलाविले, आणि तेथील मुक्तियोद्धे कोलकात्याला आले. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याचे गुडघे दुखतात, पण त्याची आठवण अजून चालती आहे.

मग आपण जव्हार-मोखाड्याच्या माणसांनी काय करावे? सारे काही सरकारवर सोपविण्यासारखे नाही, आणि फार खर्चाचेही नाही. युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आज कोणासही पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातील मृतांपुढे पुष्कळ ठिकाणी बापाचे, बायकोचे आणि गावाचे नाव दिलेले असते. ते पाहताना एक खबरदारी घ्यावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, आणि जव्हार १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. म्हणून शोध ठाणे जिल्ह्याखाली आणि जव्हार संस्थानाखाली, दोन्हींकडे घ्यावा. गावांची इंग्रजी नावे साहेबी कानांनी ऐकून लिहिलेली असतात, तेव्हा ती मोठ्याने वाचून पाहावी. कानाला गाव ओळखू येते.

दुसरे असे की, गावोगाव जे माजी सैनिक आहेत, मग ते १९७१ चे असोत, श्रीलंकेचे असोत की कारगिलचे, त्यांच्याजवळ बसून ठिकाणे आणि सोबत्यांची नावे लिहून घ्यावी. पराक्रमाच्या गोष्टी ते सहसा सांगत नाहीत. जागेबद्दल विचारावे, म्हणजे ते बोलू लागतात. आणि तिसरे, शाळेच्या सहली जेथे धबधबे पाहावयास जातात तेथे एक सहल खडकीच्या युद्धसमाधिस्थानातही जावी. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाध्या आहेत, आणि १९६२ साली मुंबईच्या शिवडी येथून हलविलेल्या ६२९ जणांच्या अस्थीही तेथेच विसावल्या आहेत. मुलांबरोबर एक माजी सैनिक मात्र अवश्य असावा. शिळेपुढे तो कसा उभा राहतो एवढे त्यांनी पाहिले तरी पुष्कळ झाले.

ज्यांच्या वीरावर अक्षर नाही तेही नाव तोंडात जपतात. आपण तर लिहिणारी-वाचणारी माणसे. कुट, सेनिओ, सांगशाक, जमालपूर येथे जाणे आपल्यांतील थोड्यांनाच साधेल. परंतु तेथून परत आलेला माणूस आपल्याच तालुक्यात, कदाचित आपल्याच आळीत राहत असेल. त्याच्या दारापर्यंतची वाट फार लांबची नाही, आणि तिला वाटाड्याही लागत नाही.